आरसा आणि वयांत येणारीं मुलें

आजच्या भाषणासाठीं मला जो विषय सुचविण्यांत आला, त्याचें नांव ऐकून प्रथम मी थोडी बिचकलें. दोन संस्कृतींच्या मध्यें वाढणारीं, वयांत येणारीं मुलें. त्यांना स्वतःच्या शरीराविषयीं वाटणारें असमाधान. त्यांतून उणावत जाणारा आत्मविश्वास. आणि शेवटीं चार माणसांतून त्यांचें निघून जाणें, असा तो विषय आहे. हा प्रांत मानसशास्त्रज्ञांचा; तीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत घालविलेल्या एका निवृत्त शिक्षिकेनें त्यांत काय सांगावें, असें मनांत आलें. परंतु विचार करतां ध्यानांत आलें कीं, असें मूल मानसशास्त्रज्ञांकडे जातें तें फार उशिरां, आणि पुष्कळदां जातच नाहीं. त्यापूर्वीं कित्येक महिने तें रोज शाळेंत येत असतें आणि रोज आपल्याशेजारीं जेवावयास बसत असतें. जें तज्ज्ञाला शेवटीं दिसतें, तें आपणांस आधीं कां दिसत नाहीं, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी आज करणार आहें. आणि तो करतांना प्रथम माझी स्वतःची एक चूक मला सांगावी लागणार आहे.

मी राहतें तें पिंपळी हें गांव बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नीरा डाव्या कालव्याचें पाणी या मुलुखाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिळालें, आणि जेथें जिराईत माळ होता तेथें ऊंस उभा राहिला. भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वरनगर येथें सहकारी साखर कारखाने निघाले. शहरांतील श्रोत्यांना साखर ठाऊक असते; ऊंस कोण तोडतो हें सहसा ठाऊक नसतें. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून तोडणी-मजुरांच्या टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला येथें 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता घराबाहेर पडतो, आणि त्याच्या पाठोपाठ त्याचीं मुलेंही पडतात. रानाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि मार्च-एप्रिलांत गाळप संपलें कीं त्या मोडतात. या टोळ्यांत नाना जातिजमातींचीं माणसें असतात. त्यांत बंजारा कुटुंबें पुष्कळ. त्यांचीं मुलें घरीं गोरमाटी बोलतात. शिवाय बारामतीच्या औद्योगिक वसाहतीमुळें उत्तरेकडील कामगारांचीं मुलेंही आतां आमच्या वर्गांतून दिसूं लागलीं आहेत. तेव्हां निरनिराळ्या संस्कृतींचीं मुलें एके ठिकाणीं पाहावयास लंडनला किंवा न्यू यॉर्कला जाण्याचें कारण नाहीं. आमच्याकडे तीं एकाच वर्गांत असतात. गांवचीं मुलें पुढच्या बाकांवर, आणि हंगामापुरतीं आलेलीं मुलें शेवटच्या.

अशाच एका शाळेंत मी सातवीच्या वर्गावर असतांना एक बंजारा मुलगी आली. वय तेरा. अंगानें सडपातळ, वर्गांत सर्वांहून उंच, वर्णानें काळी, आणि दोन्ही हातांवर आजीनें हौसेनें गोंदविलेलें. पहिले आठ दिवस ती बोलत असे. तिचें मराठी बीडकडच्या वळणाचें, आणि मधूनच एखादा गोरमाटी शब्द त्यांत येई. मुलें हंसलीं. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. मीं मनांत म्हटलें, मुलगी शांत आहे, हिचा कांहीं त्रास नाहीं. शिक्षकाला शांत मूल आवडतें, आणि तें शांत कां झालें हें विचारण्याची त्याला सवड नसते.

जानेवारींत शाळेंत आरोग्य-तपासणी व्हावयाची होती. डॉक्टर येण्यापूर्वीं उंची आणि वजन लिहून ठेवावयाचें होतें. वेळ वांचावा म्हणून मीं सारा वर्ग ओळीनें उभा केला. एकेक मूल कांट्यावर चढत होतें, मी आंकडा मोठ्यानें वाचीत होतें, आणि एक मुलगी तो वहींत उतरवीत होती. गांवांतल्या एका सुखवस्तु घरची मुलगी चढली, तेव्हां तिच्या आंकड्याला वर्ग हंसला. मागोमाग ही चढली. कोणीतरी 'काठी' म्हणालें, आणि दुसऱ्या कोणीतरी 'जळकी काठी' अशी दुरुस्ती केली. वर्ग पुन्हां हंसला. मीं त्या दोघांना रागें भरलें आणि पुढचें नांव घेतलें. मला वाटलें, प्रसंग संपला.

तो संपला नव्हता. त्या दिवसापासून गांवची ती मुलगी डबा न उघडतां परत नेऊं लागली, आणि फाल्गुनाच्या उन्हांतही अंगांतला स्वेटर काढीनाशी झाली. बंजारा मुलगी आणखी तीन दिवस शाळेंत आली. तिन्ही दिवस तिनें हात ओढणींत गुंडाळून ठेवले होते. वर्गाचें छायाचित्र काढण्याच्या वेळीं ती दिसली नाहीं. चौथ्या दिवसापासून तिची जागा रिकामी राहिली.

पंधरा दिवसांनीं मी तिच्या कोपीवर गेलें. पंधरा दिवस कां लागले, याचें समाधानकारक उत्तर मजपाशीं आजही नाहीं. आईबाप पहांटेच फडावर गेलेले होते. दुपारीं आई वाढें घेऊन आली, तेव्हां गांठ पडली. 'पोटांत दुखतंय म्हणती, बाई,' एवढेंच ती म्हणाली. मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन आंत बसली होती. ती माझ्याकडे पाहीना. तिच्या डाव्या हातावर मोठी खरवड दिसली. आईनें सांगितलें कीं, हातावरचें गोंदण ती विटेच्या तुकड्यानें घासून काढूं पाहत होती. तिच्या डोक्यावर दोरीला एक जुनी कांचळी वाळत होती, तिच्या आजीची. बंजारा स्त्रिया आपल्या कपड्यांवर आरशाचे बारीक तुकडे टांकून भरतकाम करतात, तें श्रोत्यांपैकीं अनेकांनीं प्रदर्शनांतून पाहिलें असेल, आणि कदाचित् विकतही घेतलें असेल. त्या कांचळीवर कितीतरी आरसे होते, आणि त्यांच्याखालीं बसलेल्या मुलीला आपलें तोंड कोणाला दाखवूं नये असें वाटत होतें.

श्रोतेहो, आतां या गोष्टीकडे थोडें दूर राहून पाहूं. दहा ते एकोणीस या वयाचीं मुलें भारतांत २०११ च्या जनगणनेप्रमाणें पंचवीस कोटींहून अधिक होतीं. या वयांत शरीर बदलतें हें आपण जाणतों. परंतु तें सर्वांचें एकाच वेळीं बदलत नाहीं, ही गोष्ट आपण विसरतों. मुलींची उंची झपाट्यानें वाढण्याचा काळ सामान्यतः बाराव्या वर्षाच्या सुमारास येतो, मुलांचा चौदाव्याच्या सुमारास. त्यामुळें सातवी-आठवींत मुलगी उंच आणि मुलगा ठेंगणा दिसतो, आणि दोघांनाही आपलेंच कांहीं चुकलें असें वाटतें. मुलींच्या अंगावर या काळांत थोडी चरबी येणें हा निसर्गाचा क्रम आहे; तो आजार नव्हे. चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, आवाज फुटतो, हातपाय आधीं लांबतात आणि धड मागाहून त्यांना गांठतें. याच वयांत दुसऱ्याच्या नजरेची जाणीव एकाएकीं तीव्र होते. लहान मूल आरशांत पाहून वांकुल्या दाखवितें. तेरा वर्षांचें मूल आरशांत दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहतें.

हे डोळे कोणाचे, हा प्रश्न येथें महत्त्वाचा आहे. ज्या मुलाचें घर आणि शाळा एकाच वळणाचीं असतात, त्याला बाहेर कोणी हंसलें तरी घरीं येऊन आईसारखें, मामासारखें दिसण्याचा आधार असतो. दोन संस्कृतींच्या मध्यें वाढणाऱ्या मुलाचा हा आधारच डळमळीत होतो. कारण शाळेंत ज्याला हंसतात तें नाक, तो वर्ण, ती बोली त्याच्या आईचीही असते. तें स्वतःची लाज बाळगूं लागलें कीं आईचीही लाज बाळगूं लागतें, आणि आईची लाज वाटते म्हणून पुन्हां स्वतःवर चिडतें. आमच्या त्या मुलीला गोंदण नकोसें झालें, तें आजीच्या हातचें होतें म्हणून अधिकच.

तुम्ही म्हणाल, ऊंसतोडीच्या मुलीचें दुःख वेगळें. आमच्या घरांशीं त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आज पुण्या-मुंबईच्या किती घरांतील नातवंडें न्यू जर्सींत, कॅलिफोर्नियांत, लंडनला किंवा सिडनीला वाढत आहेत! लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें, आणि उत्तर अमेरिकेंतील मराठी मंडळांचें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं. तेथें मराठी शाळा चालतात, गणेशोत्सव होतात. माझ्या एका भाचीचा मुलगा अमेरिकेंत वाढतो. तो अकरा वर्षांचा असतांना त्यानें एके दिवशीं आईला सांगितलें कीं, यापुढें डब्यांत पोळीभाजी देऊं नकोस, आणि शाळेच्या फाटकापाशीं माझ्याशीं मराठींत बोलूं नकोस. पुढें ओंठावर मिसरूड दिसूं लागली, ती सोबतच्या मुलांच्या आधीं. तेव्हां तो पोहावयास जाईनासा झाला. सुटींत तो पुण्याला आला, तर येथें त्याच्या मराठी उच्चारांना सारीं भावंडें हंसलीं. तेथें तो फार सांवळा आणि येथें फार परका. शेवटीं तो खोलीचें दार लावून बसूं लागला. श्रोतेहो, न्यू जर्सीची ती खोली आणि पिंपळीची ती कोपी यांत पैशाचें अंतर फार आहे, आणि तें मी विसरत नाहीं. मुलीला दार लावावयासही खोली नव्हती. परंतु मूल एकटें पडण्याची रीत दोहोंकडे एकच होती.

या विषयावर जगांत बरेंच संशोधन झालें आहे. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि त्यांचे सहकारी यांनीं तेरा देशांतील, परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या पांच हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून २००६ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. जीं मुलें घरची संस्कृति आणि बाहेरची संस्कृति या दोन्ही आपल्या मानूं शकलीं, त्यांचें मनःस्वास्थ्य आणि शाळेंतील वागणूक या दोन्ही बाबतींत चांगलें निघालें. ज्यांना यांपैकीं एकही धड आपली वाटेना, त्यांची अवस्था सर्वांत वाईट. यांतून पालकांनीं घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. 'तूं आतां इकडचाच हो' हें सांगणें चुकीचें, आणि 'तूं आपलाच राहा, त्यांच्यासारखा होऊं नकोस' हेंही चुकीचें. दोन्ही घरांच्या किल्ल्या मुलाच्या हातीं असाव्या. मात्र त्याच पाहणींत हेंही दिसलें कीं, ज्या मुलांना भेदभाव सोसावा लागतो, त्यांना हें जुळविणें कठीण जातें. म्हणजे सारें ओझें मुलाच्या मनोबळावर टाकून चालत नाहीं. हंसणाऱ्या वर्गालाही शिकवावें लागतें.

आतां वर्णाविषयीं थोडें बोलतें. कारण आपल्याकडे शरीराची लाज बहुधा तेथूनच सुरू होते. त्वचेचा रंग हा मेलॅनिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो. तें निर्माण करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच संख्येनें असतात. भेद असतो तो त्या किती व कोणत्या प्रकारचें द्रव्य तयार करतात एवढ्यापुरता. प्रखर उन्हांतील अतिनील किरणांपासून तें त्वचेचें रक्षण करतें. जी मुलगी दिवसभर उन्हांत राहते, तिच्यासाठीं निसर्गानें दिलेली ही छत्री आहे. आणि आपण तिला त्याबद्दल नांवें ठेवतों! १९७५ सालीं आपल्या देशांत 'फेअर अँड लव्हली' हें मलम बाजारांत आलें, आणि पुढें पंचेचाळीस वर्षें जाहिरातींनीं मुलींना सांगितलें कीं, गोरी झालीस तर नोकरी मिळेल, नवरा मिळेल. २०२० सालीं त्या नांवांतला गोरेपणाचा शब्द गाळून 'ग्लो' हा शब्द घालण्यांत आला. नांव बदललें, घरोघरच्या लग्नाच्या बोलण्यांतला शब्द अजून बदललेला नाहीं. याहून भयंकर प्रकार म्हणजे पाऱ्याचे क्षार मिसळलेलीं, विनापरवाना विकलीं जाणारीं मलमें. अशा मलमांमुळें तरुण स्त्रियांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचीं उदाहरणें अलीकडच्या वर्षांत केरळांतील आणि महाराष्ट्रांतील डॉक्टरांनीं नोंदविलीं आहेत. गोरें होण्याच्या नादांत मुलगी आपलें मूत्रपिंड गमावूं शकते, हें प्रत्येक आईनें ध्यानांत ठेवावें.

आमच्या पिंपळीवरूनच दर वर्षीं आषाढी वारीच्या दिवसांत तुकाराम महाराजांची पालखी जाते, आणि पुढें काटेवाडीला मेंढ्यांचें रिंगण होतें. लाखों माणसें ज्याच्या दर्शनासाठीं या रस्त्यानें चालतात, तो देव काळा आहे. महाभारत रचणारे व्यास कृष्णवर्ण, आणि द्रौपदीचें एक नांवच कृष्णा. ज्या समाजानें आपलीं आराध्यें आणि आपल्या नायिका अशा पाहिल्या, त्याच्या शाळेंत 'काळी' ही शिवी कशी झाली, याचा विचार मुलांपुढें मांडण्यासारखा आहे. मीं तो पुढें अनेक वर्गांत मांडला, आणि मुलें त्यावर बराच वेळ बोलत राहतात असा माझा अनुभव आहे.

शरीराच्या मोजमापावरून माणसाची किंमत ठरविण्याच्या खुळाविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका मराठी विदुषीचें स्मरण येथें करणें योग्य होईल. इरावतीबाई कर्वे यांचा जन्म ब्रह्मदेशांत झाला, आणि तेथील इरावती नदीवरून त्यांचें नांव ठेवलें गेलें. लहानपणींच त्या शिक्षणासाठीं पुण्याला आल्या. पुढें त्या बर्लिनला गेल्या. तेथें त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या ठेवणीवरून गोऱ्या वंशाची बुद्धि श्रेष्ठ ठरते, असा सिद्धांत पडताळून पाहण्याचें काम त्यांनीं इरावतीबाईंकडे दिलें. बाईंनीं कवट्या मोजल्या, आणि वंश व कवटीची ठेवण यांचा तसा कांहींएक संबंध दिसत नाहीं, असें आपल्या प्रबंधांत नमूद केलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, आपल्या परीक्षकाच्याच मताविरुद्ध एका तरुण मुलीनें हें लिहिलें. आपल्या मुलींना सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट मला ठाऊक नाहीं.

वर्णाची लाज जुनी. परंतु आतां तिच्या जोडीला एक नवा आरसा आला आहे. तो प्रत्येकाच्या खिशांत आहे. चित्रांचा मनावर किती परिणाम होतो, याचें एक उदाहरण सांगतें. पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटांत भरदार बांध्याची माणसें सुंदर मानण्याची परंपरा होती. तेथील नद्रोगा प्रांतांत १९९५ सालीं प्रथम दूरचित्रवाणी आली. हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲन बेकर यांनीं त्या वेळीं आणि पुन्हां १९९८ सालीं शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरविण्यासाठीं मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणींत एकही नव्हती. तीन वर्षांनंतर अशा मुली शेंकडा अकरांहून अधिक निघाल्या. ही केवळ दूरचित्रवाणीची गोष्ट झाली. आतांच्या मोबाइलवर तर स्वतःचाच चेहरा आपोआप गोरा, निमुळता आणि गुळगुळीत करून दाखविण्याची सोय आहे. पूर्वीं मुलगी स्वतःची तुलना नटीशीं करी. आतां ती स्वतःच्याच खोट्या चित्राशीं करते, आणि त्यांत हरते. २०२१ सालीं इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीचीं अंतर्गत टिपणें बाहेर आलीं. आपल्या शरीराविषयीं आधींच असमाधानी असलेल्या मुलींपैकीं सुमारें एक-तृतीयांश मुलींचें असमाधान या माध्यमामुळें वाढतें, असें कंपनीच्याच पाहणींत आढळलेलें होतें. मुलगेही यांतून सुटलेले नाहींत. दंडाच्या बेटकुळ्या आणि रुंद छाती यांच्या मागें लागून कोणतींही भुकटी व औषधें घेणारे सोळा-सतरा वर्षांचे मुलगे आज तालुक्याच्या गांवीं सुद्धां दिसतात. मुलगे लाजेची गोष्ट बोलत नाहींत, म्हणून ती नाहीं असें समजूं नये.

आतां प्रश्न असा कीं, मूल चार माणसांतून निघून चाललें आहे हें ओळखावें कसें? कांहीं मुलें मुळांतच अबोल असतात. त्यांना एक-दोन मित्र पुरतात, त्यांच्यांत तीं रमतात. त्यांना ओढून समारंभांत नेण्याची गरज नाहीं. काळजी करावयाची ती पूर्वीं रमणारें मूल रमेनासें झालें तर. जेवणाच्या वेळा चुकविणें, सर्वांबरोबर न जेवणें, उन्हाळ्यांतही अंग झांकून घेणें, छायाचित्राला नकार देणें, खेळाच्या तासाला दुखणें काढणें, आरशापुढें तासन् तास उभें राहणें किंवा आरसाच टाळणें, 'माझ्यांत काय आहे!' असें वरचेवर म्हणणें, या खुणा आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेनें २०२२ सालीं तीन लाख एकोणऐंशी हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. तींत शेंकडा अठ्ठावीस मुलांनीं वर्गांत प्रश्न विचारावयास संकोच वाटतो असें सांगितलें. आणि सहावी ते आठवीच्या मुलांना आपल्या जीवनाविषयीं जें समाधान होतें, तें नववी ते बारावींत कमी झालेलें दिसलें. म्हणजे आपण ज्याला मोठें होणें म्हणतों, त्या वाटेवर मुलें कांहींतरी गमावीत आहेत.

अशा खुणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या, झोंप आणि भूक बिघडली, अभ्यास एकदम घसरला, किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा मुलाच्या तोंडीं आली, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें दहा ते एकोणीस वयाच्या सात मुलांपैकीं एकाला कोणता ना कोणता मानसिक त्रास असतो. तेव्हां यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहींत, आणि मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक श्रोत्यांनीं आतांच लिहून घ्यावा.

परंतु मी आरंभींच म्हटलें कीं, तज्ज्ञाच्या आधीं आपण येतों. घरीं काय करतां येईल तें थोडक्यांत सांगतें.

पहिली गोष्ट, मुलांच्या शरीरावरून थट्टा बंद करावी. 'लंबू', 'ढोली', 'काळुंद्री', 'चष्मिष' हीं नांवें प्रेमानें ठेवलेलीं असतात, हें मला मान्य आहे. परंतु तीं पाहुण्यांसमोर उच्चारलीं जातात, आणि मुलाला त्यांतलें प्रेम नव्हे, शरीर ऐकूं येतें. दुसरी गोष्ट, स्वतःच्या शरीरावर मुलांदेखत टीका करूं नये. जी आई आरशापुढें उभी राहून रोज 'किती सुटलें मी!' असें म्हणते, तिची मुलगी तें पाठ करते. तिसरी गोष्ट, दिवसांतून एक जेवण सर्वांनीं एकत्र घ्यावें, आणि त्या वेळीं ताटांतल्या घांसांची मोजदाद करूं नये. चौथी गोष्ट, मूल दुखावून घरीं आलें तर 'लक्ष देऊं नकोस' असें म्हणूं नये. कोण हंसलें, काय म्हणालें, तें पूर्ण ऐकून घ्यावें, उपाय मागाहून. आणि पांचवी गोष्ट, ज्या मुलाला शरीराची लाज वाटूं लागली आहे, त्याला त्याच शरीरानें कांहीं करूं द्यावें. पोहणें, सायकल, ढोलकी, भाकरी थापणें, झाड लावणें, कांहींही. आपले हात कसे दिसतात याहून ते काय करतात इकडे त्याचें लक्ष जाऊं द्यावें.

परदेशीं वाढणाऱ्या नातवंडांच्या आजीआजोबांना एक विशेष विनंती आहे. मुलाचे मराठी उच्चार वांकडे असले तरी त्याला हंसूं नका. तो दोन भाषांच्या मध्यें चालत असतो, आणि तोल सांवरणाऱ्याला हंसूं नये. भाचीच्या त्या मुलाला त्याच्या आजोबांनीं पुढच्या सुटींत रोज संध्याकाळीं लेझीम शिकविलें. तो आतां सतरा वर्षांचा आहे, आणि तेथील गणेशोत्सवांत इतर मुलांना तें शिकवितो. डब्यांत पोळीभाजी नेतो कीं नाहीं, तें मीं विचारलेलें नाहीं.

आणि ती दुसरी मुलगी? त्या दिवशीं कोपींत काय बोलावें तें मला सुचेना. शेवटीं मीं कबूल केलें कीं, आंकडा मोठ्यानें वाचणारी मी, आणि चूक माझी. ती कांहीं बोलली नाहीं. मग मीं त्या कांचळीवरचा एक टांका कसा घालतात तें विचारलें. बराच वेळ गेल्यावर तिनें भावाला खालीं ठेवलें आणि सुई घेतली. पुढच्या आठवड्यापासून ती शाळेंत आली. कार्यानुभवाच्या तासाला तिनें वर्गांतल्या मुलींना आरसा टांकावयास शिकविलें; आणि तिच्या शेजारीं येऊन प्रथम बसली ती स्वेटरवाली मुलगी. दोघी फार बोलत नसत, परंतु डबा एकत्र उघडूं लागल्या. हें सारें सहा आठवडे टिकलें. एप्रिलांत गाळप संपलें, कोप्या मोडल्या, आणि टोळी निघून गेली. पुढच्या हंगामांत मीं वाट पाहिली; त्या मुकादमाची टोळी दुसऱ्या कारखान्याला लागली होती. ती मुलगी पुढें शिकली, कीं चौदाव्या-पंधराव्या वर्षीं तिच्याही हातांत कोयता आला, तें मला कळलें नाहीं. तिचे पंधरा दिवस माझ्या हयगयीनें फुकट गेले, आणि तिच्यापाशीं होते ते सगळे मिळून पांच-सहाच महिने, एवढें मात्र मी विसरूं शकत नाहीं.

त्या वर्षापासून मीं वजनाचा कांटा दाराआड ठेवला. एका वेळीं एकच मूल आंत येई, आंकडा मी स्वतः लिहीत असें, आणि तो कोणाला सांगत नसें. ही सुधारणा करावयास एक पडदा आणि अर्धा तास अधिक लागला. दुसरें कांहीं लागलें नाहीं. आपल्यापैकीं जे कोणी शाळांशीं, वसतिगृहांशीं, खेळाच्या संघांशीं संबंधित असतील, त्यांनीं उद्यां सकाळीं एवढी एक गोष्ट तरी करून पाहावी. आणि बाकीच्यांनीं आज रात्रीं जेवतांना आपल्या घरचें मूल ताटाकडे पाहतें, आपल्याकडे पाहतें, कीं कोणाकडेच पाहत नाहीं, एवढें पाहावें.